आयरिश शेतकऱ्याच्या घरचे लग्न

आयर्लंड हा देश आपल्याला परिचयाचा झाला तो होमरूलमुळे. लोकमान्यांनी १९१६ साली होमरूल लीग काढली, तेव्हा हा शब्द आयरिश चळवळीतूनच आलेला होता. परंतु त्या देशातील शेतकऱ्याच्या घरी लग्न कसे जमत असे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्याचाच विचार आज आम्ही करणार आहोत.

१८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि दुष्काळात व साथींत सुमारे १० लाख माणसे दगावली. त्यापूर्वी गरीब शेतकरी जमिनीचे तुकडे करून मुलांना वाटून देत. पुढे शेत अखंड एकाच मुलाला देण्याची रीत दृढ झाली, आणि लग्नाची बोलणी शेतापासून सुरू होऊ लागली.

मध्यस्थ दोन्ही घरी खेपा घाली. मुलीकडची माणसे वराची जमीन व गुरे पाहून येत. मग हुंड्याची घासाघीस होई आणि वकिलापुढे करार लिहिला जाई. म्हाताऱ्या आईबापांना कोणती खोली, किती दूध, किती बटाटे, हेदेखील त्यात नमूद असे. हुंडा घेई वराचा बाप, आणि बहुधा त्यातूनच तो आपली एक मुलगी उजवी. अशी एकच रक्कम घरोघर फिरे.

ईस्टरपूर्वीच्या उपासकाळात चर्च लग्ने लावीत नसे. म्हणून त्याआधीच्या दिवसांत लग्नांची एकच गर्दी उडे. उपासकाळाच्या पहिल्या रविवारी पोरे अविवाहितांच्या कपड्यांवर खडूच्या रेघा ओढीत. लग्नघरी गवताचे मुखवटे चढवलेले तरुण बोलावल्याशिवाय येत आणि नवरीबरोबर नाचून जात.

ही गंमत झाली. पण एका मुलाला शेत आणि एका मुलीला हुंडा दिल्यावर बाकीच्या भावंडांनी काय करावे? कोणी अमेरिकेची वाट धरी, कोणी जन्मभर अविवाहित राही. वारसालाही बाप कारभार सोडीपर्यंत थांबावे लागे. आरेन्सबर्ग या अमेरिकन अभ्यासकाला १९३० नंतरच्या दशकात क्लेअर परगण्यात पंचेचाळिशीतले पुरुषही ‘पोरगा’ म्हणवले जाताना आढळले.

हुंडा घेऊन आलेल्या पत्नीलाही नवऱ्याच्या मृत्युपत्रापुढे फारसे संरक्षण नव्हते. १९६५ च्या वारसा कायद्याने विधवेला मुले असल्यास एकतृतीयांश आणि नसल्यास निम्म्या वाट्याचा हक्क दिला. जुन्या रीतीने शेत राखले, हे खरे. पण त्याची किंमत ज्यांच्या नावे करारात काहीच लिहिलेले नव्हते त्यांनी मोजली, हे आम्हांस विसरता येत नाही.