भिंतीला खिळा नको, खिडकीला पडदा हवा

उन्हाळ्यात घर तापते. पश्चिमेची खिडकी उघडी असली की दुपारनंतर ऊन थेट घरात शिरते. खाटेवर निजलेले म्हातारे माणूस, पाळण्यातले मूल, तापाने फणफणलेला रोगी यांना त्या उन्हाचा फार त्रास होतो. खिडकी लावून घ्यावी, तर वारा बंद होतो. जीव गुदमरतो. मग करायचे काय?

खिडकीला पडदा लावायचा. ऊन अडते. वारा थोडाफार येत राहतो. आणि रस्त्याने जाणाऱ्याची नजरही घरात पोचत नाही.

पण पडदा लावायचा म्हटले, की आपण आधी हातोडी शोधतो. ठोक खिळा! खिळा आत जातो, आणि त्याच्याबरोबर भिंतीचा पोपडा खाली येतो. चार दिवसांनी पडदा ओढायला जावे, तो खिळाच हातात. मग शेजारी दुसरा खिळा. वर्षभरात भिंतीची चाळण होते.

खिळा न ठोकता पडदा कसा लावावा, ते या पाठात पाहू. सामान फार लागत नाही. बांबूची काठी, सुतळी, सायकलची जुनी ट्यूब आणि एक जुने लुगडे. बहुतेक घरांत एवढे निघतेच.

खिळा भिंतीत का टिकत नाही?

लाकडात खिळा घट्ट बसतो. मातीच्या भिंतीत बसत नाही. असे का?

लाकूड चिवट असते. खिळा आत गेला की लाकडाचे तंतू बाजूला सरतात आणि खिळ्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरतात. कोरडी माती आवळत नाही. तिचा भुगा होतो. पडदा रोज ओढला की खिळा हलतो, भोक मोठे होते आणि खिळा निसटतो. सिमेंटचा गिलावा कडक असतो खरा, पण हातोडीच्या दणक्याने तो विटेपासून सुटतो. तिथे बोटाने वाजवून बघा. पोकळ आवाज येईल.

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. म्हणून ते भिंत रचतानाच तिच्यात लाकडी खुंटी घालीत. खुंटीचा मोठा भाग भिंतीच्या पोटात, थोडा बाहेर. अशा खुंटीवर बैलाचा साज टांगला तरी ती हलत नाही. तुमच्या खिडकीजवळ अशा दोन जुन्या खुंट्या असतील, तर तुमचे अर्धे काम झाले म्हणून समजा.

खिळा न ठोकण्याची आणखी दोन कारणे आहेत.

एक कारण वीज. आजकाल गावोगावी सिमेंटची घरकुले झाली आहेत. पुष्कळ घरांत विजेच्या तारा भिंतीच्या आतून नेलेल्या असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. खिळा तारेला लागला तर जबर धक्का बसतो. जीवही जाऊ शकतो. विजेच्या बटणांच्या वर, खाली किंवा त्यांच्या ओळीत खिळा कधीही ठोकू नये.

दुसरे कारण भोके आणि भेगा. भिंतीच्या भोकात ढेकूण राहतात, विंचूही दडतो. मातीच्या भिंतीच्या भेगांत एक बारीक माशी असते. तिला वाळूमाशी म्हणतात. चांदीपुरा नावाचा एक ताप या माशीमुळे पसरतो. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावच्या रोग्यांच्या रक्तात या तापाचे विषाणू १९६५ साली प्रथम सापडले, म्हणून त्याला त्या गावाचे नाव पडले. २००३ साली आंध्र प्रदेशात आणि महाराष्ट्रात या तापाने पुष्कळ मुले दगावली. तेव्हा भिंतीला नवी भोके पाडू नयेत. जुनी असतील ती शेणमातीने लिंपून टाकावीत.

आधी कोणती खिडकी?

सगळ्या खिडक्यांना एकदम पडदे करण्याची गरज नाही. ऊन कुठून येते ते आधी पाहावे.

मे महिन्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ आपल्या डोक्यावर असतो. महाराष्ट्रात या महिन्यात एक दिवस असा येतो, की दुपारी उभ्या काठीची सावलीच पडत नाही. कोल्हापूरकडे तो दिवस आधी येतो, नागपूरकडे नंतर. सूर्य डोक्यावर असला म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही. पूर्वेच्या खिडकीतून ते सकाळी येते आणि पश्चिमेच्या खिडकीतून दुपारनंतर. सकाळी घर रात्रीचे निवलेले असते. दुपारनंतर ते तापलेले असते, आणि त्यात पश्चिमेचे ऊन पडते. म्हणून पहिला पडदा पश्चिमेच्या खिडकीला.

थंडीत उलट होते. सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येते. ते ऊन हवेच असते. तेव्हा पडदा सहज काढता आला पाहिजे. खिळ्याशिवाय लावलेल्या पडद्याचा हाही एक फायदा आहे.

पडदा कसा शिवावा?

समजा, खिडकी ३ फूट रुंद आणि ३ फूट उंच आहे. पडद्याचे कापड खिडकीच्या दीडपट रुंद घ्यावे, म्हणजे साडेचार फूट. मग त्याला चुण्या पडतात आणि कडेने ऊन येत नाही.

नऊवारी लुगडे ९ वार, म्हणजे २७ फूट लांब असते. त्याचे साडेचार फुटांचे सहा तुकडे होतात. विरलेला भाग सोडला तरी तीन-चार पडदे सहज निघतील. लुगड्याचा पन्हा साधारण ४५ इंच असतो. तो पडद्याची उंची होईल. वरच्या काठाला काठी जाईल एवढा नेफा शिवावा. खालचा काठ खाली राहू द्यावा. काठ जड असतो, म्हणून पडदा सरळ पडतो. वाऱ्याने फारच उडत असेल, तर खालच्या दुमडीत एक बारीक कामटी घालावी.

आता लावण्याच्या रीती पाहू. खिळा नसला तरी पडदा तीन गोष्टींवर टिकतो. एक गाठ, दुसरा दाब आणि तिसरे वजन.

पहिली रीत : गाठ

खिडकीला उभे गज असले तर ही रीत सर्वांत सोपी. अंगठ्याएवढी जाड बांबूची काठी घ्या. ती नेफ्यात घाला. काठी वरच्या बाजूला गजांवर आडवी धरा आणि दोन टोकांना व मध्ये अशी तीन ठिकाणी सुतळीने बांधा. झाला पडदा.

गाठ मारताना सुरगाठ मारावी. निरगाठ मारली तर धुण्यासाठी पडदा काढताना नखे तुटतील. आणि शेवटी सुतळी कापावी लागेल ती वेगळीच.

काही जण काठीऐवजी नुसती दोरी ताणतात. लहान खिडकीला चालते. रुंद खिडकीला दोरीचा झोळ पडतो. शाळेत आम्ही मुलांना एक प्रयोग करून दाखवीत असू. दोरीच्या मध्यावर दप्तर अडकवायचे आणि दोन मुलांनी दोन टोके धरायची. दोरीला झोळ असेपर्यंत काही त्रास नसे. पण "दोरी अगदी सरळ करा" म्हटले, की दांडगी मुलेसुद्धा लाल होत! दोरी जितकी सरळ, तितका टोकांवर ओढा जास्त. म्हणून खिडकी दोन हातांपेक्षा रुंद असेल तर दोरी नको, काठीच हवी.

दुसरी रीत : दाब

गज नाहीत, पण लाकडाची किंवा दगडाची पक्की चौकट आहे. अशा वेळी काठी चौकटीत दाबून बसवावी.

चौकटीचे आतले माप घ्या. त्याहून अर्धे बोट कमी अशी काठी कापा. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे घ्या. काठीच्या टोकांवर ते टोपीसारखे दुमडा आणि सुतळीने आवळून बांधा. रबर घसरत नाही, हा त्याचा गुण. आता नेफ्यात काठी घाला, चौकटीत आडवी धरा आणि एका टोकाला लाकडाची पातळ पाचर सरकवा. पाचर हाताच्या तळव्याने बसेल तेवढीच बसवावी. हातोडी घेऊ नये.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. चौकट नसलेल्या मातीच्या भिंतीत ही रीत करू नये. दाबाने माती ढासळते.

बाजारात स्प्रिंगचे दांडे मिळतात. त्यांचे कामही असेच चालते. आतली स्प्रिंग दोन्ही टोके बाहेर ढकलते आणि दांडा चौकटीत अडकून राहतो. खिडकीची चौकट लोखंडी असेल, तर हलका पडदा लोहचुंबकानेही धरून ठेवता येतो. चिकटवायचे आकडेही मिळतात. ते गुळगुळीत फरशीवर टिकतात. मातीच्या किंवा चुना दिलेल्या भिंतीवर ते पापुद्र्यासकट गळून पडतात. तिथे पैसे घालवू नका.

तिसरी रीत : वजन

भिंतीला हात न लावता पडदा वरून टांगता येतो. तुळई किंवा वासा खिडकीच्या जवळ असेल, तर त्यावरून दोन सुतळ्या टाका. दोन्हींची लांबी सारखी ठेवा. खाली काठी बांधा. पडद्याच्या वजनानेच काठी सरळ राहते. फक्त वासा किडलेला नाही, एवढे आधी पाहावे.

या रीतीने खोलीचे दोन भागही करता येतात. एकाच खोलीत सगळे घर असते. बाळंतिणीला अंगावर पाजायचे असते. सासूसुनांना लुगडे बदलायचे असते. आल्यागेल्यासमोर त्यांनी कुठे जावे? एक पडदा टांगला तर तिला हक्काचा कोपरा मिळतो. घरातल्या पुरुषांनी हे काम मनावर घ्यावे, असे आम्हांला वाटते.

बाहेरची ताटी अधिक गुणाची

ऊन घरात येण्यापूर्वी अडवावे, हे उत्तम. आतला पडदा उन्हाने तापतो आणि ती ऊब घरातच सोडतो. बाहेर ताटी असली तर ती तापली तरी ऊब बाहेरच राहते.

बांबूच्या कामट्यांची किंवा तुराट्यांची ताटी करावी. नाहीतर जुने गोणपाट घ्यावे. वळचणीच्या वाशांना दोन ठिकाणी बांधून ते खिडकीसमोर सोडावे. भिंत आणि ताटी यांच्यामध्ये वीतभर जागा ठेवावी, म्हणजे वारा खेळतो. खालची टोके दोन दगडांना बांधली की वाऱ्याने ती आपटत नाही.

विदर्भात आणि खानदेशात वाळ्याची ताटी करून तिच्यावर पाणी मारतात. माठातले पाणी जसे गार होते, तशीच ताटीतून येणारी हवा गार होते. पाणी सुकताना हवेतली उष्णता घेते. मात्र समोरची खिडकी किंवा दार उघडे हवे, तरच वारा ताटीतून आत येईल. कोकणात हवा दमट असते. तिथे पाणी लवकर सुकत नाही, म्हणून ओल्या ताटीचा उपयोग थोडा.

ही काळजी घ्या

चुलीजवळच्या किंवा शेगडीजवळच्या खिडकीला पडदा लावू नये. वाऱ्याने तो उडतो आणि पेट घेतो. नायलॉनचे कापड तर वितळून अंगाला चिकटते. शिवाय चुलीचा धूर बाहेर जायला ती खिडकी मोकळीच हवी.

सुतळीची टोके लोंबती ठेवू नयेत. लहान मूल खेळता खेळता फास गळ्यात अडकवून घेते. टोके आखूड कापावीत. पाळणा पडद्यापासून दूर बांधावा.

ऊन उतरले की पडदा सारावा. रात्रभर गार हवा आत येऊ द्यावी. घरात कोणाला खोकल्याचा, क्षयाचा आजार असेल, तर त्याच्या खोलीत उजेड आणि वारा भरपूर हवा. पडदा ऊन अडवण्यासाठी आहे, हवा कोंडण्यासाठी नाही.

पडदा दर महिन्याला धुवावा. धूळ साचली की त्याच्यातून वारा येत नाही. सुतळी पावसाळ्यानंतर तपासावी. कुजली असेल तर बदलावी.

पश्चिमेच्या एका खिडकीपासून सुरुवात करा. खर्च जवळजवळ नाही. काम एका सकाळचे. आणि भिंत होती तशी धड राहते.

प्रश्न

१. मातीच्या भिंतीत खिळा का टिकत नाही?
२. उन्हाळ्यात पहिला पडदा कोणत्या खिडकीला लावावा? का?
३. आतल्या पडद्यापेक्षा बाहेरची ताटी चांगली कशी?
४. तुमच्या घरातल्या एका खिडकीचे माप घ्या. तिच्या पडद्याला किती कापड लागेल, ते लिहा.