दिगबोई खरंच आटलं का?

दिगबोई ‘आटलं’ असं सर्रास म्हटलं जातं, ते मला अर्धवट वाटतं. आसाममधल्या या छोट्या तेलक्षेत्रात १८८९पासून हजारावर विहिरी खोदल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धात रोज सुमारे ७,००० बॅरल तेल निघे, आज त्याचा किरकोळ अंश निघतो. पण घटलं ते उत्पादन. दाब ओसरला की तेल वाळूच्या कणांना चिकटून खडकातच राहतं, आणि हे तेल तर मेणचट, गारव्यात नळीतच थिजणारं. ‘शिल्लक साठा’ म्हणजे भूगर्भातलं सगळं तेल नव्हे. आजच्या भावात, आजच्या तंत्राने काढणं परवडेल तेवढंच. मग एवढ्याशा तेलासाठी पंप का चालवायचे? कारण विहिरी, नळ्या आणि १९०१पासूनचा शुद्धीकरण कारखाना तिथे आधीच उभा आहे. नव्या क्षेत्रात हा सगळा खर्च पहिल्यापासून करावा लागतो.