विजेची तार व तारेखालचें गांव

चंद्रपुराहून ठाणें जिल्ह्यांतील पडघ्यास जाणारी विजेची मोठी तार आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. गेल्या शतकाच्या अखेरीस ती सुरू झाली. तिची लांबी सुमारें ७५० किलोमीटर व दाब ५०० किलोव्होल्ट आहे. तिच्या टॉवरांखालीं आजही पेरणी होते. अशा टॉवराशेजारीं उभा राहून शेतकरी विचारतो कीं, एवढी वीज माझ्या डोक्यावरून जाते आणि माझ्या विहिरीवरील मोटर मात्र मध्यरात्रीं उठून चालवावी लागते, हा कोठला न्याय? आम्ही महसूल खात्यांत कारकून असतां असे प्रश्न आमच्या टेबलापाशीं अनेकवार आले. आमच्यापाशीं एकच उत्तर असे : पंचनामा झाला आहे, नुकसानीचा अर्ज करा. तें उत्तर खोटें नव्हतें, परंतु अपुरें होतें. निवृत्तीनंतर परदेशांतील एका योजनेची माहिती वाचनांत आली, तेव्हां तें कोठें अपुरें होतें हें ध्यानांत आलें. तीच हकीकत सभासदांपुढें ठेवितों.

प्रथम त्या प्रश्नाचें यांत्रिक उत्तर देऊं. धरणाचा मुख्य कालवा शेताच्या बांधावरून गेला, तरी त्याची भिंत फोडून पाणी घेतां येत नाहीं. त्यास दार लागतें, वितरिका लागते, चारी लागते. विजेचेंही तसेंच आहे. ५०० किलोव्होल्टचा दाब उपकेंद्रांतून पायरीपायरीनें ११ किलोव्होल्टवर उतरवावा लागतो, आणि मग गांवांतील डीपी तो मोटरीस सोसेल इतका कमी करते. त्यांतही ही तार एकदिश प्रवाहाची आहे. अशा तारेच्या दोन्ही टोकांस प्रवाहाचें रूप बदलणारीं प्रचंड केंद्रें असतात. मध्यें एकेका गांवासाठीं तसें केंद्र उभारणें परवडत नाहीं. म्हणून तार जितकी मोठी, तितका तिच्याखालच्या गांवास तिचा प्रत्यक्ष उपयोग कमी.

हीच अडचण देशांच्या सरहद्दी ओलांडणाऱ्या तारेस अधिक तीव्रतेनें येते, कारण तेथें वीज परक्यांसाठींच चाललेली असते. मध्य आशियांतील 'कासा-१०००' ही योजना याचें उत्तम उदाहरण आहे. किर्गिझस्तान व ताजिकिस्तान हे डोंगराळ देश. उन्हाळ्यांत बर्फ वितळून त्यांच्या नद्या भरतात आणि जलविद्युत् गरजेहून जास्त होते. दक्षिणेस पाकिस्तानांत त्याच महिन्यांत विजेची मागणी शिगेस पोंचते. ही शिल्लक वीज, १३०० मेगावॅटपर्यंत, अफगाणिस्तान व पाकिस्तानाकडे नेण्याची ही योजना. जागतिक बँकेनें तिला २०१४ सालीं मंजुरी दिली व मे २०१६ मध्यें कामाचा समारंभपूर्वक आरंभ झाला. एक तार किर्गिझस्तानांतील दात्का येथून ताजिकिस्तानच्या सुग्द प्रांतापर्यंत, सुमारें ४८० किलोमीटरची. दुसरी दक्षिण ताजिकिस्तानांतील सांगतूदा येथून अफगाणिस्तान ओलांडून पाकिस्तानांतील नौशेऱ्यापर्यंत. ही एकदिश प्रवाहाची असून तिची आंखणी सुमारें ७५० किलोमीटरची, म्हणजे आमच्या चंद्रपूर-पडघा तारेएवढीच होती.

आतां तारेखालच्या गांवकऱ्याची स्थिती पाहा. उन्हाळ्यांत शिल्लक पडणारी ही वीज हिवाळ्यांत, नद्या गोठल्यावर, तेथेंच पुरत नाहीं. २००७-०८ च्या कडक हिवाळ्यांत ताजिकिस्तानांत विजेची अशी टंचाई झाली कीं लोकांचे अतोनात हाल झाले. अफगाणिस्तानांतील पुष्कळ खेड्यांत तर तारच पोंचली नव्हती. अशा माणसाच्या शेतांत टॉवर उभा करावयाचा आणि त्यास सांगावयाचें कीं, ही वीज तुझ्यासाठीं नाहीं, ती शेजारच्या देशास जात आहे. त्याच्या मनांत काय येईल हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

योजना आंखणाऱ्यांनीं हें आधींच ओळखलें आणि चारही देशांत तारेच्या जोडीला एक लोकसाहाय्य कार्यक्रम ठेवला. त्याचें तत्त्व सोपें आहे. तारेच्या दोन्ही बाजूंस ठराविक अंतराच्या पट्ट्यांत जीं गांवें येतात, त्यांच्यासाठीं वेगळी रक्कम ठेवावयाची आणि तिचें काय करावयाचें हें गांवानें सभेंत ठरवावयाचें. कोणीं गांवांतील जुनी तार व डीपी सुधारावी, कोणीं ओढ्यावर लहान जलविद्युत् यंत्र किंवा सौर पाटी बसवावी, कोणीं शाळा, रस्ता वा पिण्याचें पाणी मागावें. अफगाणिस्तानांत २००३ पासून गांवोगांव निवडलेलीं विकास मंडळें होतीं, त्यांच्यामार्फत ४ कोटी डॉलरांचा कार्यक्रम ठरला. किर्गिझस्तानांत खेड्यांच्या विकासाचें काम पूर्वींपासून करणारी 'अरिस' ही संस्था नेमली गेली.

यांत केवळ दानधर्म नाहीं. शेंकडों किलोमीटर रानांतून जाणाऱ्या तारेवर पहारा ठेवणें कोणत्याही सरकारास साधत नाहीं. तिचा खरा राखणदार खालचा शेतकरी. त्याचें हित तारेशीं बांधलें गेलें तरच तार सुरक्षित.

हा विचार न केल्यास काय होतें, तें नेपाळांत दिसलें. खिम्ती ते ढल्केबर ही अवघी ७५ किलोमीटरची २२० किलोव्होल्टची तार. ढल्केबर येथूनच भारतांत मुजफ्फरपुराकडे तार येते. परंतु सिंधुली जिल्ह्यांतील लोकांनीं काम अडविलें. आम्हांस नीट विचारलें नाहीं व मोबदला पुरेसा नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. २०१३ सालीं त्यांनीं जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार नेली. तार अखेर २०१७ सालीं पूर्ण झाली, पण मध्यें कित्येक वर्षें गेलीं.

येथें आमच्या वाचकांस एक सावधगिरीची सूचना. गांवास मिळणारें साहाय्य व शेतकऱ्यास मिळणारा मोबदला हीं दोन निराळीं खातीं आहेत. आमच्या देशांत टॉवरखालील जमीन मालकाचीच राहते, तिची किंमत मात्र घटते. म्हणून केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानें २०१५ सालीं टॉवरच्या पायाखालील जमिनीस किंमतीच्या ८५ टक्के व तारेखालील पट्ट्यास १५ टक्क्यांपर्यंत भरपाई सुचविली, आणि २०२४ सालीं हेच आंकडे २०० व ३० टक्क्यांवर नेले. पिकाचें व झाडांचें नुकसान याहून वेगळें. कोणी म्हणेल, तुमच्या गांवास शाळेची खोली बांधून देतों, आतां भरपाईचा अर्ज कशास? तर तें मान्य करूं नये. शाळा साऱ्या गांवाची. टॉवर एकाच्या शेतांत. एकाच्या जमिनीवर दुसऱ्यांचें पुण्य होऊं देणें हा हिशेब कोणत्याही वहींत बसत नाहीं.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि आमच्या मतें हीच मुख्य. ऑगस्ट २०२१ मध्यें अफगाणिस्तानांत राज्य पालटलें व 'कासा'चें तेथील काम थांबलें. जागतिक बँकेनें तें पुन्हा हातीं घेण्याचा निर्णय जाहीर केला तो फेब्रुवारी २०२४ मध्यें. अशा मोठ्या कामांत काय अडथळा येईल हें कोणास सांगतां येत नाहीं. तार पूर्ण झाल्यावर गांवाचें पाहूं, असें वचन ज्यास मिळालें, त्याच्या पदरांत टॉवर पडतो आणि वचन अधांतरीं राहतें. पेरणीआधीं बी हातीं असावें लागतें, तसें गांवाचें काम टॉवरच्या पायाआधीं सुरू झालें पाहिजे.

आमच्या जिल्ह्यांतूनही नव्या तारा जात आहेत व पुढें जातील. ज्या सभासदांच्या गांवीं आंखणी येईल, त्यांनीं तीन गोष्टी ग्रामसभेंत लेखी मागाव्या. कोणत्या गट नंबरांतून तार जाते याची यादी. प्रत्येक खातेदाराची भरपाई व तिचा हिशेब. आणि गांवासाठीं वेगळें काम असल्यास तें कोणतें, किती रकमेचें व केव्हां सुरू होणार. तिन्ही कागद मिळाल्यावांचून संमतीची सही करूं नये. आम्हीं नोकरींत असतां अशा सह्या घाईनें होतांना पाहिल्या आहेत, आणि नंतर त्याच सह्या अर्जदारास दाखविण्याचें काम आम्हांसच करावें लागलें. तें पुन्हा कोणा कारकुनास करावें लागूं नये, एवढीच इच्छा.