मासे जिवंत आहेत, मग पाणी चांगलंच?

पंचगंगेत मेलेले मासे तरंगू लागले की पहिला संशय हाच असतो : कुणीतरी विष सोडलं. अनेकदा विषाची गरजच नसते. मळीमिश्रित पाणी किंवा मैला नदीत आला की जिवाणूंचं फावतं आणि ते पाण्यातला प्राणवायू फस्त करतात. त्यात उन्हाळ्यानं धार बारीक झालेली. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात आणि गुदमरून मरतात.

याहून चिवट गैरसमज उलट बाजूचा : ‘मासे फिरतायत ना, मग पाणी ठीक.’ मासा मरायच्या कितीतरी आधी बिघडतो. ताज्या माशाचा कल्ला उचलून पाहा, आत लालभडक, फणीच्या दातांसारख्या पाकळ्या दिसतील. अमोनिया किंवा तांब्याचा सतत मारा झाला की त्यांवरचे सूक्ष्म पापुद्रे सुजतात, एकमेकांना चिकटतात. मग पाण्यात प्राणवायू असला तरी रक्तात पुरेसा उतरत नाही.

‘एवढ्या पाण्यात चिमूटभर काय करणार?’ याचं उत्तर कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातल्या २६० क्रमांकाच्या तळ्यानं दिलं. २००१ ते २००३ या तीन उन्हाळ्यांत शास्त्रज्ञांनी त्यात गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन मुद्दाम सोडलं. प्रमाण किती? शंभर कोटी लिटरला पाच-सहा ग्रॅम. फॅटहेड मिनो या बोटभर माशाचे नर बलकाचं प्रथिन बनवू लागले, जे एरवी विणीला आलेल्या मादीचं यकृत बनवतं. काहींच्या वृषणांत अंडपेशी दिसल्या. मासे पटापट मेले नाहीत, नवी पिल्लंच येईनात. जेमतेम दोन-तीन वर्षं जगणाऱ्या माशाला तेवढं पुरलं, जात तळ्यातून जवळपास नाहीशी झाली. मला यातली शांतताच भयंकर वाटते, किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच नाही की दुर्गंधी नाही. इस्ट्रोजेन बंद केल्यावर काही वर्षांत मिनो पुन्हा वाढले.

आणि हे पाप एकट्या कारखान्यांचं नव्हे. ब्रिटनच्या नद्यांत, मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांच्या खालच्या अंगाला, रोच माशाचे असेच अर्धवट मादी झालेले नर सापडले. त्यामागची बरीचशी संप्रेरकं घरोघरच्या शौचालयांतून येतात.

खवय्यांचा एक भ्रम राहिला : डोकं-आतडी काढून मासा खळखळून धुतला की झालं. दूषित पाण्यातल्या माशात साठलेला पारा मांसातल्या प्रथिनांना धरून बसतो, तो धुऊन जात नाही, शिजवूनही नाही. मादीच्या अंगातला थोडा पारा गाभोळीतही उतरतो.