सावकाश धावून जिंकलेली शर्यत

समुद्रात ३.८ किलोमीटर पोहायचे, पाण्याबाहेर येताच सायकलवर बसून १८० किलोमीटर जायचे, आणि सायकल ठेवली की ४२ किलोमीटरची संपूर्ण मॅरेथॉन धावायची. हे सारे एकाच दिवशी, मध्ये विसावा न घेता! १८० किलोमीटर म्हणजे मुंबईहून सायकलने पुणे गाठावे आणि तरीही सुमारे तीस किलोमीटर जायचे उरावे. पोहणे, सायकल आणि धावणे अशा तिहेरी शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. ‘आयर्नमॅन’ हा तिचा लांब पल्ल्याचा प्रकार. हवाई बेटांवर १९७८ साली ही शर्यत प्रथम झाली, तेव्हा अवघे पंधरा जण उतरले आणि बारा जणांनी ती पुरी केली.

मार्क अ‍ॅलन या अमेरिकन खेळाडूने ही शर्यत पुढे सहा वेळा जिंकली. पण त्याआधी तो सहा वेळा हरला होता, आणि आपल्याला जास्त शिकण्यासारखे आहे ते त्या हरण्यात.

अ‍ॅलनचा जन्म १९५८ सालचा, कॅलिफोर्नियातला. कॉलेजात तो पोहणारा होता. १९८२ च्या फेब्रुवारीतली शर्यत त्याने दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिली. स्त्रियांमध्ये आघाडीवर असलेली ज्यूली मॉस अंतिम रेषा दिसत असताना कोसळली, मागची स्पर्धक पुढे निघून गेली, तरी ज्यूलीने रांगत जाऊन रेषा ओलांडली. हे दृश्य पाहून अ‍ॅलनने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये स्वतः भाग घेतला. सायकलचा गिअर मोडला आणि शर्यत अर्ध्यात सुटली. १९८४ मध्ये सायकल संपली तेव्हा तो पुष्कळ पुढे होता, पण लाव्हाच्या काळ्या खडकांतून जाणाऱ्या तापलेल्या रस्त्यावर धावताना त्याचे पाय थांबले. तो पाचवा आला. १९८७ मध्ये दुसरा आला, पण पोटात रक्तस्राव होऊन शेवटी इस्पितळात गेला. अनेकदा मॅरेथॉनमध्येच गाडे अडत होते.

असे का व्हावे? त्याच्यापाशी वेग नव्हता असे नाही. उलट सरावात तो रोजच जोराने धावे. अडचण इंधनाची होती.

आपले स्नायू मुख्यतः दोन इंधने वापरतात. एक ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले पिष्टमय अन्न, आणि दुसरे चरबी. चुलीतल्या काटक्या आणि ओंडके आठवा. काटक्या भरकन पेटतात आणि भरकन संपतात. ओंडका हळू जळतो, पण रात्रभर पुरतो. ग्लायकोजेनचा साठा कमावलेल्या शरीरातही ५०० ग्रॅमच्या आसपास असतो. दर ग्रॅमला ४ कॅलरी धरल्या तर झाल्या २,००० कॅलरी. आयर्नमॅनला मात्र आठ-नऊ हजार कॅलरी लागतात. वाटेत खाऊनपिऊन सगळी तूट भरून निघत नाही. उरलेला भार चरबीला उचलावा लागतो. चरबीच्या एका ग्रॅममधून ९ कॅलरी मिळतात. सडपातळ धावपटूच्या अंगातही पाच-सहा किलो चरबी असते. आता गुणाकार तुम्हीच करा!

मग चरबीच का वापरू नये? तिचे ज्वलन मंद असते आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी तिला ऑक्सिजन जास्त लागतो. वेग वाढला, छाती धपापू लागली, की शरीर काटक्यांकडे वळते. (थकव्याचे खापर पूर्वी लॅक्टिक आम्लावर फोडत. आता आपल्याला ठाऊक आहे, की स्नायू आणि हृदय लॅक्टेटचाही इंधन म्हणून उपयोग करतात.)

फिल मॅफेटोन या प्रशिक्षकाने अ‍ॅलनला एक सोपे सूत्र सांगितले : १८० मधून वय वजा कर आणि सराव करताना हृदयाचे ठोके त्या आकड्यावर जाऊ देऊ नकोस. अ‍ॅलनचा आकडा निघाला सुमारे १५५. छातीला ठोके मोजणारे यंत्र बांधून तो धावायला गेला, आणि अक्षरशः ओशाळला. एक मैल साडेपाच मिनिटांत कापणाऱ्या या पठ्ठ्याला १५५ ठोक्यांच्या आत राहायचे तर मैलाला सव्वाआठ मिनिटे लागत होती! तरीही त्याने चार महिने तेच केले. त्याच्याच सांगण्याप्रमाणे तेवढ्यात त्याच ठोक्यांवर मैलामागे एक मिनिटाहून अधिक वेळ वाचू लागला. जवळजवळ वर्षभराने तर वेग मैलाला ५ मिनिटे २० सेकंदांवर आला.

या काळात आत काय बदलले असेल? अशा दीर्घ, सौम्य सरावाने स्नायूंतल्या केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींमधील मायटोकॉन्ड्रिया ही ऊर्जाकेंद्रे वाढतात, आणि हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते. म्हणजे ओंडके जाळणारी चूलच मोठी होते.

हे सूत्र म्हणजे भौतिकीचा नियम नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा. हृदयाचे कमाल ठोके माणसागणिक वेगळे असतात आणि तुमच्या वयाच्या मुलांना ही वजाबाकी लागू पडत नाही. शिवाय एका खेळाडूच्या अनुभवाने काही सिद्ध होत नाही. अ‍ॅलन मुळातच असामान्य होता, आणि शर्यतीपूर्वी तो वेगाचा सरावही करीतच असे. पण स्टीफन सायलर यांच्यासारख्या संशोधकांनी पुढे अनेक अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे ८० टक्के सराव सौम्य गतीचाच आढळला. धापा टाकेपर्यंत पळवणे म्हणजेच सराव असे मानणाऱ्या क्रीडाशिक्षकांनी हा आकडा जरूर पाहावा.

तुम्ही स्वतः एक साधा प्रयोग करू शकता. सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता येतील इतक्याच वेगाने मैदानाला ठरावीक फेऱ्या मारा. थांबताच मनगटावर बोटे ठेवून १५ सेकंद नाडी मोजा आणि चाराने गुणा. वेळ आणि ठोके वहीत लिहा. आठवड्यातून तीनदा असे दोन-तीन महिने करा आणि दोन्ही आकड्यांचे आलेख काढा.

१९८९ च्या ऑक्टोबरमध्ये अ‍ॅलन सातव्यांदा हवाईला उतरला. सहा वेळचा विजेता डेव्ह स्कॉट समोर होता. अ‍ॅलनने त्याची पाठ सोडली नाही. पाण्यात, सायकलवर, धावताना, जवळजवळ आठ तास दोघे हातभर अंतरावर! शेवटचे तीन-एक किलोमीटर उरले असताना एका चढावर अ‍ॅलन पुढे निघाला आणि ८ तास ९ मिनिटे १५ सेकंदांत, अवघ्या ५८ सेकंदांनी जिंकला. त्या दिवशीची त्याची मॅरेथॉन २ तास ४० मिनिटे ४ सेकंदांची होती. या शर्यतीतला तो विक्रम २०१६ पर्यंत कोणाला मोडता आला नाही.

त्यानंतर १९९३ पर्यंत तो दरवर्षी जिंकत गेला. १९९५ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, तो पुन्हा आला. सायकल संपली तेव्हा चोवीस वर्षांचा जर्मन खेळाडू थॉमस हेलरीगेल तेरा मिनिटांहून अधिक पुढे होता. अ‍ॅलनने घाई केली नाही. मैलामागे सुमारे ३५ सेकंद या हिशेबाने तो अंतर कापत राहिला आणि तेविसाव्या मैलाच्या सुमारास त्याने हेलरीगेलला गाठले.