गुलछडीला साप येतो म्हणे!

पिंपरी पेंढारात चैत्र-वैशाखात कुणी अंगणात गुलछडीचे कंद लावायला घेतले की शेजारून हटकून सल्ला येतो, "दारात नको बाई, वासाला साप येतो." पुढे पावसाळ्यात एखादा साप खरोखर दिसला की दुसऱ्या दिवशी फुलावर आलेला गड्डा उपटून उकिरड्यावर जातो. शिकलेली माणसेही हेच करतात तेव्हा राग येतो.

साप फुलाच्या वासावर येत नाही. तो जीभ बाहेर काढतो ती हवेतले, जमिनीवरचे कण टिपायला. टाळूतल्या जेकबसन अवयवामुळे त्याला त्या कणांवरून उंदराचा, बेडकाचा, नाहीतर जोडीदाराचा माग लागतो. मध त्याच्या खाण्यातच नाही. गुलछडी रात्री जास्त दरवळते ती लांब सोंडेच्या निशाचर पतंगांसाठी.

मग साप नेमका फुलांच्या दिवसांतच का दिसतो? कारण दोघांचा हंगाम एकच. एप्रिल-मेमध्ये लावलेला कंद तीन-चार महिन्यांनी, म्हणजे ऐन पावसाळ्यात दांडा काढतो. त्याच दिवसांत बिळांत पाणी शिरते, बेडूक वाढतात आणि साप बाहेर पडतात. 'ईलाइफ' या नियतकालिकात २०२० साली आलेल्या अभ्यासानुसार भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावतात. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले असतात. गुलछडी त्या वेळी फक्त फुललेली असते, एवढाच तिचा गुन्हा.

खरे आमंत्रण देतात कांद्याच्या बराखीखालची सांद, सरपणाचा ढीग, उघडी पेंड, कोंबड्यांसमोर सांडलेले दाणे. तिथे उंदीर येतात आणि उंदरांमागे नाग, घोणस. ते साफ करायचे सोडून फुलझाड उपटल्याने घर सुरक्षित झाले असे वाटते, हा यातला मोठा धोका. मण्यार रात्री घरात शिरून जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा दुखतही नाही. खाटेवर झोपा, मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचा, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका. दंश झालाच तर चिरा देणे नको, मांत्रिक नको, थेट रुग्णालय गाठा. नारायणगावात डॉ. सदानंद राऊत वर्षानुवर्षे सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करत आले आहेत. प्रतिसर्पविष वेळेत मिळाले तर माणूस वाचतो.

साप येण्याचा हा आळ मुळात रातराणीवरून गुलछडीकडे सरकला असावा. तोही खोटाच, पण झाडे तरी ओळखा. रातराणी हे वांगी-टोमॅटोच्या कुळातले झुडूप आहे, त्याला कंद नसतो. गुलछडी, म्हणजेच निशिगंध, मूळची मेक्सिकोची. तिची पाने गवतासारखी लांब, बुडाशी तांबूस छटेची. दांड्यावर कळ्या जोडीजोडीने लागतात आणि खालून वर उमलत जातात.

डबल गुलछडीला वास जास्त, हेही खरे नाही. हाराला जाणारी सिंगलच अधिक सुवासिक.

"फूल आले नाही, कंद बोगस निघाला" ही तक्रार बहुतेकदा कंद बारीक असल्याची असते. दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा, टणक कंद निवडा. नुकताच काढलेला असेल तर महिनाभर सावलीत ठेवा आणि मगच पाच-सहा सेंटीमीटर खोल लावा. एक कंद एकदाच फुलतो. पुढची फुले त्याच्या बाजूला सुटलेल्या पिलांची, म्हणून दोन-तीन वर्षांनी गड्डा काढून फोडावा लागतो. रोज पाणी घातल्याने फुले वाढत नाहीत, कंद सडतो.

आपल्याकडे आणखी एक काळजी घ्यायला हवी. टोमॅटो निघालेल्या रानात सूत्रकृमी असतात, मुळांवर गाठी धरतात आणि गुलछडीलाही सोडत नाहीत. अशा जागी कंद लावूच नका. दुसरी जागा नसेल, तर बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची 'शृंगार' ही सिंगल जात घ्या. ती या सूत्रकृमींना बऱ्यापैकी दाद देत नाही.