जुन्या लोखंडाला नवें पाणी

गेल्या दिवाळींत माझा भाचा एक तबकडी घेऊन आमच्या घरीं आला. पाश्चात्य संगीतांत 'मेटल' म्हणून जो एक कर्कश परंतु जोमदार प्रकार आहे, त्याचा तो भोक्ता. आणलेला आल्बम त्याच्या संग्रहीं पूर्वींपासूनच होता. नव्या वेष्टणावर 'रीमास्टर्ड' हा एक शब्द तेवढा अधिक होता, आणि त्या एका शब्दाखातर त्यानें जुन्या प्रतीच्या दुपटीहून अधिक पैसे मोजले होते. "मामा, हे पैसे सार्थकीं लागले कीं नाहीं?" असें त्यानें मला विचारलें. त्याच प्रश्नाचा आज आपण थोडा विचार करूं.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. ध्वनिमुद्रणगृहांत गिटार, ड्रम, गळा हे सारे निरनिराळे मुद्रित करतात. मग त्यांना योग्य प्रमाणांत एकत्र आणतात. यास मिक्सिंग म्हणतात. अशा रीतीनें सिद्ध झालेल्या ध्वनिफितीवर शेवटचा हात फिरवून तबकडी छापण्याजोगी मूळ प्रत तयार करणें, हें मास्टरिंग. ग्रंथाची उपमा द्यावयाची, तर मिक्सिंग म्हणजे लेखन आणि मास्टरिंग म्हणजे छपाईपूर्वींची शेवटची सजावट. रीमास्टर केलेल्या आवृत्तींत लेखकाचें अक्षरहि बदलावयाचें नसतें. केवळ छपाई सुधारावयाची असते.

अशा सुधारणेस कधीं कधीं खरोखरच वाव असतो. जुन्या लाँग प्ले तबकडीच्या खांचेंत फार दणकट खर्ज मावत नाहीं. म्हणून तिच्यासाठीं केलेल्या प्रतींत खर्ज आवरून धरीत. पुढें १९८० नंतरच्या दशकांत सीडी आल्या, तेव्हां त्यांपैकीं कांहीं अशाच आवरलेल्या प्रतींवरून काढल्या गेल्या. मूळ फीत शोधून तिच्यावरून नवी प्रत उतरविली, तर दबलेला खर्ज मोकळा होतो. ही सुधारणा खरी.

नव्या आवृत्तीचें चांगलें उदाहरण हवें असेल, तर त्याचा धागा आपल्याच जिल्ह्यांत सांपडतो. नगरजवळ अरणगांवच्या परिसरांत मेहेराबाद येथें मेहेरबाबांची समाधि आहे. 'द हू' या इंग्रज वाद्यवृंदाचा गिटारवादक पीट टाउनशेंड हा बाबांचा भक्त. १९७२ सालीं तो या समाधीच्या दर्शनास येऊन गेला. त्याच वर्षीं त्याचा 'हू केम फर्स्ट' हा आल्बम निघाला. बाबांच्या प्रार्थनेवर रचलेलें 'परवरदिगार' हें गीत त्यांत आहे. 'द हू'च्या दणदणीत वादनाची गणना मेटलच्या पूर्वजांत होते. हा आल्बम मात्र सौम्य आहे. २०१८ सालीं त्याची विस्तारित आवृत्ति आली, तेव्हां मूळच्या ९ गीतांना सबंध एका दुसऱ्या तबकडीची जोड मिळाली. पूर्वीं भक्तमंडळींपुरत्या थोड्या प्रतींत काढलेल्या आल्बमांतील कांहीं गीतेंहि त्या तबकडीवर आहेत. अशा आवृत्तीस पैसे देतांना मनांत किंतु आणण्याचें कारण नाहीं.

परंतु सगळ्याच नव्या आवृत्त्या अशा नसतात. एकच गाणें दोनदां ऐकविलें, तर जें किंचित् मोठ्यानें वाजतें तेंच कानास अधिक सरस वाटतें, हा मनुष्यस्वभाव आहे. आणि व्यापारी तो ओळखून असतात. आतां सीडीवरील ध्वनीला एक कमाल मर्यादा आहे. ती ओलांडतां येत नाहीं. म्हणून सरासरी आवाज फार वाढवावयाचा झाला, तर उंच शिखरें छाटावीं लागतात. मेटलचें नुकसान होतें तें येथें. या संगीतांतील गिटारचा ध्वनि मुळांतच भिंतीसारखा सपाट असतो, आणि त्या भिंतीवर उठून दिसतो तो ड्रमचा आघात. शिखरें छाटलीं कीं तो आघातच भिंतींत गडप होतो. कापडबाजारांत एक विक्रेता ओरडला तर आपण वळून पाहतों. सारेच ओरडूं लागले, तर कोणाचेंच ऐकूं येत नाहीं.

मेटालिका या अमेरिकन वृंदाचा 'डेथ मॅग्नेटिक' हा २००८ चा आल्बम याच दोषामुळें गाजला. तीच गाणीं 'गिटार हीरो' या खेळासाठीं दिलीं होतीं, त्या प्रतींत आवाज इतका रेटलेला नव्हता. आणि पुष्कळ चाहत्यांनीं खेळांतील प्रतच सरस ठरविली. तो आल्बम नवा होता खरा. परंतु जुन्या आल्बमांच्या कित्येक रीमास्टर आवृत्त्याहि याच लाटेंत सांपडल्या.

याहून गंभीर असा आणखी एक प्रकार आहे. ऑझी ऑस्बोर्न यांच्या १९८० च्या 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' व १९८१ च्या 'डायरी ऑफ अ मॅडमन' या आल्बमांच्या आवृत्त्या २००२ सालीं पुन्हां निघाल्या. त्यांतून बॉब डेझली यांचें बास गिटार आणि ली कर्स्लेक यांचे ड्रम काढून टाकण्यांत आले, व त्या जागीं दुसऱ्या वादकांकडून नव्यानें वाजवून घेतलेले भाग घातले गेले. त्या काळांत या दोघांचा मानधनाविषयीं न्यायालयीन तंटा चालू होता. मूळ वादन परत मिळण्यास २०११ ची आवृत्ति उजाडावी लागली. मेगाडेथच्या 'रस्ट इन पीस'च्या २००४ च्या आवृत्तींत मिक्सिंगच नवें आहे, आणि गायनाचे कांहीं भागहि पुन्हां गायिलेले आहेत.

नगरच्या डोंगरावरील सलाबतखानाच्या कबरीला आपण चांदबिबीचा महाल म्हणतों. तिच्या दगडांवरील काजळी धुतली, तर तो जीर्णोद्धार होय. परंतु चिरेच काढून नवे बसविले आणि पाटी मात्र जुनीच ठेविली, तर त्यास काय म्हणावें? ज्यानें घाम गाळून वाजविलें त्याचा हात पुसला जातो, आणि ऐकणारा तें जुनेंच समजून ऐकत राहतो.

मग घेणाऱ्यानें काय करावें? वेष्टणावर मूळ फितीचा स्पष्ट उल्लेख आहे काय, तें पाहावें. मिक्सिंग किंवा वादन बदललें आहे काय, याची चौकशी करावी. पूर्वीं न मिळणारें कांहीं जोडलें असेल, तर त्याचें मोल धरावें. आणि शक्य असल्यास दोन्ही प्रती सारख्या आवाजावर ऐकाव्यात. आपली जुनी प्रत उत्तम असेल, तर नुसत्या मोठ्या आवाजासाठीं पुन्हां पैसे देऊं नयेत.

भाच्याकडून आम्हीं हाच प्रयोग करविला. नवी तबकडी प्रथम त्याला फारच सरस वाटली होती. तिचा आवाज जुनीइतका खालीं आणला, तसा त्याचा चेहरा बदलूं लागला, तिसऱ्या गाण्याला तो म्हणाला, "मामा, ड्रम कुठें गेला?" दुसऱ्या दिवशीं जुनी तबकडी विकून टाकण्याचा त्याचा बेत होता; तो त्यानें रहित केला.

श्रोतेहो, माझाहि शेवटचा आग्रह हाच आहे. नवी आवृत्ति घ्या अथवा घेऊं नका. पण जुनी प्रत घराबाहेर काढूं नका. नवी बाजारांत आली कीं जुनी हळूहळू दिसेनाशी होते, आणि इंटरनेटवर ऐकणाऱ्यास तर पुष्कळदां नवीच तेवढी मिळते. मूळ वादन कसें होतें, याची साक्ष मग तुमच्या कपाटांतील ती तबकडीच देणार आहे.